सातवीतल्या मुलांची अपूर्णांकांची बेरीज पक्की कशी करून घ्यावी?

प्रश्न: वर्गातली बरीच मुलं १/२ + १/३ = २/५ असं लिहितात. फळ्यावर लसावि काढून दाखवला की जमतं, आठवड्यानं पुन्हा तेच. काय करावं?

प्रतिसाद १: लसावि थोडा बाजूला ठेवा. मूल अंश आणि छेद हे दोन सुटे आकडे समजतंय, म्हणून वरचे वर, खालचे खाली मिळवतं. प्रत्येकाला १२ सेंमीच्या कागदी पट्ट्या द्या. अर्धी म्हणजे ६ सेंमी, तिसरा भाग ४ सेंमी. दोन्ही जोडले की १० सेंमी, म्हणजे १०/१२, म्हणजेच ५/६. मग विचारा, २/५ भरतो किती? ४.८ सेंमी. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी! हे मुलांनी स्वतः मोजून बघायलाच हवं, आपण सांगून टाकलं तर सगळं वाया. घडी घालून तिसरा भाग काढू देऊ नका. घडी सरकते, मापं जुळत नाहीत. पट्टीनंच मोजा.

प्रतिसाद २: याला जोड म्हणून तासाच्या शेवटी एकच गणित चिठ्ठीवर सोडवून घ्या. गुण देऊ नका, चुकीच्या प्रकारानुसार गठ्ठे करा: छेद मिळवणारे, छेद बदलून अंश तसाच ठेवणारे, नुसते पाढ्यात चुकणारे. तिघांना तीन वेगळी कामं लागतात. आणि प्रश्न विचारल्यावर निदान ३ सेकंद गप्प राहा, नाहीतर तीच चार मुलं उत्तरं देत राहतात.

प्रतिसाद ३: आठवड्यानं विसरतात त्यावर: तीच गणितं तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या दिवशी दोन-दोन द्या. सरावाला वही न बघता.