डोपामाइनचं नोबेल, सशांचे कान आणि एक फिरती पोस्ट

चिकित्सक
परवापासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. सारांश असा: 'स्वीडनच्या आर्विड कार्लसनने 1957 साली डोपामाइनचा शोध लावला, 2000 साली नोबेल मिळवलं; तेव्हा तुम्हीही रविवारी मोबाईल बंद ठेवून डोपामाइनचा उपास करा.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिला ढीगभर अंगठे आले. सोडून देणार होतो, पण राहवलं नाही.

डोपामाइन, म्हणजे मेंदूत पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन, 1910 सालीच लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत बार्जर आणि इवेन्स यांनी बनवलं होतं. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं त्याला कोणी विचारलं नाही. 1939 मध्ये ब्लाश्कोने टायरोसिन, डोपा, डोपामाइन, नॉरअॅड्रेनलिन, अॅड्रेनलिन अशी, शरीरात एकापासून पुढचं बनत जाणारी साखळी मांडली. तिच्यात हे बिचारं मधलं स्टेशन, जिथे गाडी थांबते पण कोणी उतरत नाही. मेंदूत ते असतं हे कॅथलीन मॉन्टेग्यूने ऑगस्ट 1957 मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. कार्लसनचा सशांचा प्रयोग त्याच 'नेचर'मध्ये आला नोव्हेंबरात. मग बाईंचं नाव कुठे गेलं? आणि पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनचा खडखडाट असतो हे 1960 मध्ये दाखवणारा व्हिएन्नाचा हॉर्निकीविच? त्याला नोबेलमधून वगळलं म्हणून दोनशेहून जास्त मेंदूशास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहिलं होतं. पोस्टीत त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

फार्मावाला
एका फॉरवर्डसाठी केवढा तो त्रागा! फार्माकॉलॉजी शिकवण्यात हयात गेली, म्हणून सांगतो. पदार्थ सापडणं आणि तो काय करतो हे कळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच 1910 साली, त्याच वेलकम प्रयोगशाळेत, बार्जर आणि डेल यांना दिसलं होतं की सिंपथेटिक मज्जातंतूंची (संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या) नक्कल अॅड्रेनलिनपेक्षा नॉरअॅड्रेनलिन जास्त चांगली करतं. पुरावा टेबलावर पडलेला होता. तरी हे मज्जातंतू खरोखर नॉरअॅड्रेनलिनच सोडतात हे ठामपणे म्हणायला 1946 साली फॉन ऑयलर यावा लागला. मधल्या काळात अमेरिकेच्या कॅननने 'सिंपथिन ई' आणि 'सिंपथिन आय' अशी दोन वेगळीच द्रव्यं कल्पून भलताच घोळ घालून ठेवला.

कार्लसनचं श्रेय तिथे आहे. रेसर्पिन (रक्तदाब उतरवणारं, सुस्ती आणणारं औषध) दिलेले ससे आठवा: कान पडलेले, अंग ढिलं, ढकललं तरी हलत नाहीत. डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात कान ताठ, ससे चालू लागले. 1958 मध्ये त्याने दाखवलं की रेसर्पिनने मेंदूतलं डोपामाइन संपतं आणि डोपाने परत येतं. तरीही 1960 च्या लंडनच्या परिषदेत खुद्द डेलसकट भल्याभल्यांनी नाकं मुरडली. मॉन्टेग्यूबाईंबद्दल आदर आहेच, पण त्यांनी 'आहे' एवढंच सांगितलं.

रानवैद्य
वा, छान! ससे आठवले, कान आठवले. सशांना दिलेलं रेसर्पिन आलं कुठून, ते मात्र दोघंही विसरलात. सर्पगंधा! आमच्या आजोळी परसात होती, झोप न येणाऱ्याला आजी मुळी उगाळून द्यायची. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावर आणि वेडावर चालते असं लिहिलं. 1949 मध्ये मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं, तेव्हा कुठे गोऱ्यांना जाग आली. नोबेल कोणाला? स्वीडनला! आपण बसायचं टाळ्या वाजवत.

खवचट काका
आला, आला, आयुर्वेद आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पेटंटपीडित
श्रेयाचा विषय निघालाच आहे तर अॅड्रेनलिन घ्या. 1900 साली न्यूयॉर्कमध्ये स्फटिक हाताने काढले केइझो उएनाकाने. पेटंट एकट्या त्याच्या साहेबांच्या, ताकामिनेंच्या नावावर, औषध पार्क-डेव्हिस कंपनीचं. शरीरात तयार होणाऱ्या पदार्थाचं पेटंट, आणि 1911 मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी ते उचलून धरलं! उएनाकाची प्रयोगवही पुढे जपानमधल्या एका देवळात जपून ठेवली गेली, म्हणून आज कळतंय तरी. माझ्या पीएचडीत सगळ्या रिअॅक्शन मी लावल्या, रात्ररात्र रोटाव्हेपपाशी (द्रावण आटवायच्या यंत्रापाशी) उभा राहिलो, आणि पेपरवर पहिलं नाव गाईडच्या मेहुण्याचं. माझी वही कोणत्या देवळात ठेवू?

चिकित्सक
पेटंटपीडित, सहानुभूती आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

रानवैद्य, वकिलांचं काम मोठंच आहे, पण ते रक्तदाबावरचं. डोपामाइनशी त्यांचा संबंध नाही. शुद्ध रेसर्पिन 1952 मध्ये बाझेलला, सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत निघालं. त्याच्या एकवीस वर्षं आधी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकींनी याच मुळीतून अल्कलॉइड (वनस्पतीतली नत्रयुक्त द्रव्यं) वेगळे केले होते, त्यातल्या एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलिन म्हटलं. म्हणजे भारतीय नाव रसायनशास्त्रात आहेच. आजीच्या उगाळलेल्या मुळीला नोबेल हवं असेल तर अर्ज करा.

रानवैद्य
माझ्या आजीवर घसरायचं काम नाही. आणि खाजकुइलीचं काय? तिच्या बियांत एल-डोपा, म्हणजे डोपाचंच नैसर्गिक रूप, आहे हे 1937 मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी सिद्ध केलं. तेच एल-डोपा 1961 मध्ये व्हिएन्नात बिर्कमायरने टोचलं आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसले. कवचबीज म्हणून आमच्याकडे ते कधीपासून देतात! तुम्हाला मळमळ होत असेल तर इनो घ्या.

फार्मावाला
1937 बरोबर. पण त्याच्या आधी 1913 मध्ये गुगेनहाइमने बाकल्याच्या शेंगांतून एल-डोपा काढलं होतं, मग बाकला खाणाऱ्या सगळ्यांनाच हार घाला. मुळात डोपामाइन दिलं तर ते मेंदूत शिरत नाही, डोपा शिरतं, आणि मेंदूत त्याचं डोपामाइन होतं, हे कळल्याशिवाय त्या बियांना अर्थ नव्हता.

निशिगंधा
इतका वेळ गप्प बसून वाचत होते. माझ्या बाबांना पार्किन्सन आहे. एल-डोपाच्या गोळ्या चालू असताना एका वैद्यांनी 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणत कवचबीजाचं चूर्ण सुरू केलं. आम्ही न्यूरोलॉजिस्टना सांगितलं नाही. दोन्हींची बेरीज झाली. बाबांची मान आणि उजवा हात वेडेवाकडे हलायला लागले, हातातला चहाचा कप समोरच्या भिंतीवर. त्यात औषध आहे म्हणूनच ते मोजून द्यायला हवं ना? 1967 मध्ये अमेरिकेत डॉक्टर कोत्झियासने पार्किन्सनच्या रुग्णांना तोंडावाटे डोपा दिलं तेही थोड्यापासून सुरू करून, हळूहळू वाढवत. कोणाच्या परसात काय उगवत होतं याने आमच्या घरात काही फरक पडला नाही.

रानवैद्य
ताई, तुमच्या वैद्यांनी चूक केली. चालू औषधं विचारल्याशिवाय चूर्ण देणारा वैद्य कसला! पण त्यावरून शास्त्रावर कशाला?

निशिगंधा
शास्त्रावर मी कुठे बोलले? मी डोसबद्दल बोलले.

फार्मावाला
निशिगंधाताईंना पूर्ण सहमत. आणि चिकित्सक, हॉर्निकीविचबद्दल तुमचंही मान्य, मारूनमुटकून का होईना. शवविच्छेदनातून आलेल्या मेंदूच्या तुकड्यांवर त्याने रंगाची चाचणी केली, तेव्हा निरोगी नमुने गुलाबी झाले आणि पार्किन्सनच्या नमुन्यांत रंग जेमतेम चढला. फरक नुसत्या डोळ्यांना दिसला. असं काम करणारा माणूस यादीत हवा होता. एक नोबेल जास्तीत जास्त तिघांत वाटतात; 2000 साली ग्रीनगार्ड आणि कँडेल यांच्यासोबत तिसरी जागा एकच होती, म्हणून वगळला म्हणायचं, झालं. कार्लसनला खाली ओढायची मात्र गरज नाही.

खवचट काका
आणि रविवारच्या उपासाचं काय? खिचडी चालते का?

चिकित्सक
काका, डोपामाइन मेंदू स्वतः टायरोसिनपासून बनवतो. मोबाईल कपाटात ठेवल्याने तो कारखाना बंद पडत नाही. खिचडी खा.

रानवैद्य
बरं, वकिलांना डोपामाइनचं नोबेल नको. त्यांना 1957 मध्येच रेसर्पिनच्या मुळीसाठी अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालंय, तेवढं पुरे, तुम्ही जिंकलात. पण जिथे जिथे ससे येतात, तिथे ती मुळी कुठली, हे एका ओळीत लिहायला तुमच्या बापाचं काय जातं?

चिकित्सक
काहीच जात नाही. पण माझ्यावर कशाला चिडता, त्या पोस्टीत तर ससेही नव्हते.