गोळ्यांनी मेंदू बहिरा होतो म्हणे!

निशिगंध:
परवा इथे एका महाशयांनी ठोकून दिलं, "स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या मेंदूला आवाज नीट कळत नाही, लहर चपटी येते, आणि हे सगळं गोळ्यांचं कर्तृत्व." खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

माझ्या धाकट्या भावाला पहिली गोळी मिळायच्या आधी दीड वर्ष आमच्याकडे कुकर लावायची चोरी होती. शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा, "आत्ता माझं नाव कोणी घेतलं?" ऐन मे महिन्यात पंखा बंद करून घामाने निथळत बसायचा, कारण पंखा बोलायचा. तेव्हा कुठली गोळी होती हो पोटात?

एकसारख्या 'टिक टिक'मध्ये एखादा वेगळा 'टक' आला की आपलं लक्ष नसलं तरी मेंदू पाव सेकंदाच्या आत दचकतो. डोक्याला वायरी लावून मेंदूतली वीज टिपली (ईईजी म्हणतात त्याला) की त्या दचकण्याची लहर दिसते. फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्तो नाटानेन यांनी ती १९७८ साली दाखवली. या आजारात ती उथळ होते, हे १९९१ पासून माहीत आहे. औषध न घेणाऱ्यांतही ती उथळ सापडलीय. मिटलं.

बिनसाखरेचा:
तो महाशय मीच. मिटलं कसं? औषधाविना उथळ सापडली, ठीक. मग वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन ती भरून येते का? बहुतेकांत नाही. अमेरिकेत आयोवाच्या मनोविकारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांच्या गटाने २०११ मध्ये २११ पेशंटचे अनेक वर्षांचे एमआरआय मांडले. जास्त औषध, तिथे मेंदू थोडा जास्त आक्रसलेला. त्यावर एक शब्द नाही तुमचा.

मी हॅलोपेरिडॉल खाल्लंय, या आजारावरची जुनी गोळी. कानातले लोक गेले, पण बाबांनी मारवा लावला तरी शेजारी कोणी भांडी घासतंय असंच वाटायचं. हे कुठल्या लहरीत दिसतं ते सांगा.

निशिगंध:
जास्त आजारी माणसालाच जास्त औषध मिळतं. कशामुळे काय झालं ते त्यावरून कसं ठरवणार?

ईईजीवाला:
अठरा वर्षं लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवतोय. (खोबरेल थापून येऊ नका, इतकं तरी ऐका!) दोघंही अर्धं अर्धं बोलताय. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन 'क्लिक' दिले की दुसऱ्याला मेंदू कमी दाद देतो. दार लोटून घेतो म्हणा. या आजारात ते दार उघडंच राहतं, आणि आजार नसलेल्या भावाबहिणींतही कधी कधी तसंच दिसतं. म्हणजे गोळ्यांनी केलेलं नाही. पण जुन्या गोळ्यांनी ते लागतही नाही. त्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर काम करतात, आवाजांचा छळ कमी होतो, दाराची कडी वेगळीच. क्लोझापिन या वेगळ्या औषधाने सुधारल्याचं काहींत दिसलं. आणि निकोटिनने, थोडा वेळ.

आणि हो, हे सगळे गटाचे सरासरी आकडे. यावरून एका माणसाचं निदान होत नाही. कोणी तसं पॅकेज विकत असेल तर पळा.

काकूबाई:
निकोटिन?? म्हणजे आता विड्या ओढायला सांगा! आमच्या दिरांना ज्या वॉर्डात ठेवलं होतं तिथे विडी हाच पगार. अंथरूण आवरलं तर एक, संडास धुतला तर दोन. शहाण्यासारखे आत गेले, बाहेर आले ते पिवळी बोटं घेऊन. त्यावर कोणी लहरी मोजल्या का?

निशिगंध:
काकू, सिगरेटचं ऐकाच. भाऊ क्लोझापिनवर. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी, पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना ते बघायला. मग स्थिरावला. आम्ही हौसेने सिगरेट सोडवली, पेढे वाटले. पंधरा दिवसांत तो बारा-चौदा तास झोपायला लागला, उशी लाळेने भिजलेली, चालताना भिंत धरायचा. डोस तोच! धुरातल्या डांबरामुळे यकृत क्लोझापिन भराभर संपवतं. धूर थांबला की तीच गोळी रक्तात जास्त साचते.

बिनसाखरेचा:
आणि हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं?

निशिगंध:
...नाही.

बिनसाखरेचा:
बघा! एवढंच म्हणत होतो मी.

निशिगंध:
तुम्ही "गोळ्यांचं कर्तृत्व" म्हणत होता. ते वाचून कोणी गोळ्या फेकल्या तर निस्तरायला तुम्ही येणार का त्याच्या घरी?

बिनसाखरेचा:
ताई, मी फेकल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात आईने शेजाऱ्यांकरवी बाथरूमचं दार फोडलं. आत मी नळाशी वाद घालत होतो. आता कमी डोसवर आहे, डॉक्टरांना सांगून, हळूहळू उतरवत. 'सोडा' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. "कर्तृत्व" शब्द मागे घेतो. मारव्याचं मागे घेणार नाही.

निशिगंध:
मारव्याचं मान्य. भाऊही पूर्वी तबला वाजवायचा. शीर्षकातलं "म्हणे" मात्र राहणार.

काकूबाई:
मग तंबाखू मळून खाल्ली तर?

ईईजीवाला:
धूर नाही, म्हणून क्लोझापिनवर तो परिणाम नाही. तोंडाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. आणि दिरांची विडी कमी करायची असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, नंतर नाही.

काकूबाई:
बरं. आणि मिश्री? सासूबाई मागे उभ्या राहून वाचतायत.