मदत हवी आहे: डिसेंबरात पांबनच्या पुलावरून गाडी न्यावी का?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून विजापूर, होस्पेट, बेंगलोर, मदुराई करत रामेश्वरला निघतोय. आप्पांना काशीहून आणलेलं गंगाजल वाहायचंय, आईला सेतूची वाळू आणायचीय, त्यामुळं जायचं तर आहेच. प्रश्न मंडपमहून रामेश्वरच्या बेटावर नेणाऱ्या पांबनच्या पुलाचा आहे. आपल्याकडं वारा म्हणजे मे महिन्यातली वावटळ, काच वर केली की विषय संपला. तिकडं सव्वादोन किलोमीटरच्या वर नुसता समुद्र, आडोसा काही नाही, आणि डिसेंबर म्हणजे त्यांचा पावसाळाच. त्यात मेव्हण्यानं आईसमोर सांगून ठेवलंय की १९६४ ला वादळात बेटाच्या टोकाचं धनुष्कोडी गाव वाहून गेलं ते २२ डिसेंबरच्या रात्रीच, झालं, आता रोज तेच.

गाडी अर्टिगा, माणसं सात, बॅगा वर कॅरियरला ताडपत्री टाकून. शेजारच्या जुन्या रेल्वेपुलावर वारा ताशी ५८ किमीच्या वर गेला की ट्रेन थांबवायचे म्हणतात, मग रोडच्या पुलाला असं काही आहे का आपलं आपणच ठरवायचं? का सरळ पुलाच्या अलीकडं मंडपमला गाडी लावून बसनं जावं? पुढं धनुष्कोडीचं काय, तिथं तर दोन्हीकडनं समुद्र.

प्रतिसाद १:
यात्रेच्या गाड्या नेतो तिकडं, एवढं घाबरू नका की ओ. मोठं वादळ असलं तर पुलावर सोडतच नाहीत, बाकी वेळी तुमचं तुम्ही बघायचं. खरी गोची तुमच्या कॅरियरची आहे, वर एवढा माल म्हणजे गाडीला शीड बांधल्यासारखं, आणि ताडपत्रीचं एक टोक सुटलं की मागच्याच्या काचेवर. बॅगा मंडपमलाच उतरवा. बसला क्रॉस होताना स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, बस आडवी असेपर्यंत वारा लागत नाही, ती सरली की एकदम दणका बसतो. चाळीसच्या वर नको, ओव्हरटेक तर नकोच. सेल्फीवाले मध्येच गाडी लावतात त्यांच्यावर लक्ष ठेवा.

प्रतिसाद २:
पांबन बंदरावर वादळाचा बावटा लागलाय का तेवढं आदल्या दिवशी बघा, असला तर धनुष्कोडी विसरा. नसला तर सकाळी जा, रस्ता २०१७ पासून टोकापर्यंत चांगला आहे पण वाऱ्यानं वाळू येते, ब्रेक जपून.

धागाकर्ता:
आभार दोघांचे. बॅगा उतरवायचं आप्पांना पटलंय. मंडपमला सामान ठेवून घेणारं बरं लॉज कुणाला माहितीय का? खाली पार्किंग पाहिजे.