अनुभव धागा: दुसऱ्याला नवी ऑपरेटिंग सिस्टीम शिकवताना

सिडकोवाली
काल वरच्या मजल्यावरचे काका लॅपटॉप काखोटीला मारून खाली आले. "बघ गं, हा म्हणतोय मुदत संपली." विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याचीच ती पाटी. लॅपटॉप जुना, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, त्यामुळे विंडोज ११ सरळ मार्गाने चढणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवून द्यावी का, असा विचार करत होते आणि एकदम अंबडची कंपनी आठवली.

विंडोज ८ नवीन आलं होतं तेव्हाची गोष्ट. स्टोअरला नवी मशीनं आली आणि स्टार्ट बटणच गायब! शिफ्ट सुटली तरी आमचे स्टोअरचे भाऊ खुर्चीतच, बंद कसं करायचं ते सापडेना. माउस उजव्या कोपऱ्यात नेला की पट्टी सरकून यायची, तिच्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर. कुणाला सुचणार हे? भाऊंनी सरळ भिंतीवरचा स्विच बंद करायला सुरुवात केली. शेवटी मी मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्यावर माझी लाल टिकली चिकटवली. "भाऊ, बाण इथं न्यायचा." मशीन भंगारात जाईपर्यंत टिकली होती म्हणे.

तुम्ही कुणाला काय शिकवलंत? विंडोज, लिनक्स, मोबाइल, काहीही चालेल.

पंचवटीकर
टिकली 😂😂 आमच्या दुकानात दसऱ्याला सीपीयूला हळदकुंकू व्हायचं. एकदा सीडीचा ट्रे उघडा होता, वडिलांनी त्यात अक्षता वाहिल्या. पुढे सीडी घातली की खडखड.

पोळीभाजी
माझ्याकडे सासूबाईंचा मोठा किस्सा आहे. कणीक भिजवतेय, रात्री लिहिते.

नाशिकरोड_लिनक्स
सिडकोवालीताई, काकांचं आज काहीही पुसू नका. पेनड्राइव्हवर मिंट घ्या, त्यावरूनच चालू करा आणि काकांना तासभर खेळू द्या. डिस्कला हात लागत नाही. तेवढ्यात वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतो का ते बघून घ्या. मिंटच्या प्रकारांतलं सिनॅमनवालं घ्या, मेनू खाली डावीकडेच असतो, त्यामुळे माणूस बिचकत नाही.

एक महत्त्वाचं, काका टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) वापरतात का? वापरत असतील तर थांबा, ते लिनक्सवर थेट चालत नाही. मी द्वारका भागातल्या एका दुकानदाराला फार उत्साहाने लिनक्स दाखवत होतो. फायरफॉक्स झालं, लिबरऑफिस झालं, गडी खूश. मग म्हणाला, "आता टॅली उघडा." गप पेनड्राइव्ह काढला आणि चहा पिऊन आलो. तेव्हापासून आधी विचारतो की दिवसभर काय काय उघडता. लोक म्हणतात "काही नाही, नेटच बघतो" आणि मग हळूच डिजिटल सहीचं टोकन निघतं, बारकोडचा प्रिंटर निघतो.

सिडकोवाली
टॅली नाही. मेल, यूट्यूबवर कीर्तनं, नातवाशी व्हिडिओ कॉल. आणि पत्ते!!

नाशिकरोड_लिनक्स
मग झालंच काम. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आइलरायट (AisleRiot) टाका, त्यात पत्त्यांचे ढीगभर प्रकार आहेत.

सातपूर_दुसरी_पाळी
सगळ्यांना लिनक्सच कशाला पाजता राव? विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, नाव तेवढं नोंदवायचं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच सोय आहे. सत्तरीच्या माणसाला घाई कसली?

नाशिकरोड_लिनक्स
बरोबर आहे, पण तारीख उलटल्यावर पुन्हा हाच धागा काढावा लागेल 😀

निफाडची_थंडी
(इकडे पारा घसरलाय, बोटं चालत नाहीयेत. बागेत शेकोट्या पेटल्यात.)
माझा अनुभव फॉन्टचा. गावातल्या एका संस्थेत नवं मशीन बसवलं, जुन्या फायली आणल्या, उघडल्या तर सगळा इंग्रजी कचरा. सेक्रेटरी अण्णांचा चेहरा पाहवेना. वर्षानुवर्षांचे ठराव त्यात! त्यांना वाटलं, नव्या विंडोजने खाल्ले. खाल्लं काही नव्हतं. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. फॉन्ट टाकला आणि ठराव परत दिसले. अण्णांनी कोपऱ्यातल्या गणपतीला हात जोडले, मला फक्त चहा 🙂

खरं काम पुढे होतं. जुनं सगळं युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल असं) बदलून घेतलं, पण जोडाक्षरं आणि रफार अधूनमधून बिघडतात, त्यामुळे एकेक पान डोळ्यांखालून घालावं लागलं. विंडोजमध्ये आता मराठी फोनेटिक कीबोर्ड आयताच मिळतो, विंडोजची कळ आणि स्पेस दाबली की भाषा बदलते. अण्णांना एवढंच शिकवलं. बाकी त्यांनी स्वतः शोधलं, अगदी इमोजीसुद्धा. आता सभेच्या नोटिशीत द्राक्षाचा घड असतो.

पंचवटीकर
यंदा माल कसा आहे हो?

निफाडची_थंडी
मणी फुगतायत. पावसाने रडवलं नाही तर बरा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

गंगापूररोड_निवृत्त
मी शिकणाऱ्यांतला, म्हणून दुसरी बाजू लिहितो. बँकेत होतो. पडद्यावर हिरवी अक्षरं होती तेव्हापासून विंडोजपर्यंत सगळं शिकलो, पण तिथे शिकवणारा शेजारी बसायचा. आता मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर शिकवतो. "बाबा, वर क्लिक करा." वर म्हणजे कुठे? वर चार ओळी आहेत. "तिथंच हो!" सुट्टीत घरी आला की त्याहून वाईट, माउस हातातून काढून घेतो, खटखट खटखट, "झालं बघा." झालं, पण मला काय कळलं?

शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने मात्र एकदाही माउसला हात लावला नाही. विंडोज ११ मध्ये स्टार्ट मध्यभागी येऊन बसलंय, मी कायम डावीकडे शोधायचो. तिने माझ्याच हाताने टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन ते डावीकडे आणवलं. मग म्हणाली, "आजोबा, आता परत मध्यभागी न्या." नेलं. "परत डावीकडे." तेव्हा भीती गेली. बिघडलं तर परत आणता येतं, हे कुणी आधी दाखवतच नाही.

सिडकोवाली
काका, हे मुलाला पाठवा 👌 आमचे वरचे काका पण हेच म्हणतात, "तू बोल, मी करतो."

सातपूर_दुसरी_पाळी
माउस काढून घेणारा मीच 🙈 ब्रेक संपला, पळतो.

ओझरकर
कुणाकडे तयार मिंटचा पेनड्राइव्ह आहे का? कॅनडा कॉर्नरला येऊन घेईन.

नाशिकरोड_लिनक्स
आहे. पण शनिवारी. आणि मिसळ तुमच्याकडून.

ओझरकर
पापडासकट. कुठली ते नका विचारू, इथे भांडणं लागतील.

पोळीभाजी
आवरलं. तर सासूबाई. बटणांचा फोन सोडून अँड्रॉइड घेतला. त्यांचं बोट चकली पाडल्यासारखं दाबून पडतं. नुसता टच करायचा ते जमेना, प्रत्येक वेळी ॲपचं चित्र उचललं जायचं, फोन "काढून टाकू?" विचारायचा आणि त्या "हो" म्हणायच्या. व्हॉट्सॲप किती वेळा गेलं देव जाणे. आम्ही सगळे "आई, हळू दाबा" करून थकलो. मग भाच्याने सेटिंग शोधलं. किती वेळ दाबल्यावर "धरून ठेवलं" समजायचं, ते वाढवता येतं. ते "लाँग" केलं. शिवाय खाली तीन बटणं परत आणली, कडेवरून बोट सरकवणं त्यांना पटतच नव्हतं. आता रोज सकाळी सगळ्यांना फुलं पाठवतात, त्याला इलाज नाही.

ओझरकर
हे दाबायचं सेटिंग कुठे असतं? आईचं अगदी सेम आहे.

पोळीभाजी
सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टच अँड होल्ड डिले. कंपनीगणिक जागा थोडी इकडेतिकडे असते.

ओझरकर
सापडलं! आईचं झालं. बाबा मात्र फोन हातात द्यायला तयार नाहीत, म्हणतात "माझा चांगला चाललाय."