शाळेचे ‘पाणलोट क्षेत्र’? मराठी शब्द हवा आहे

तळटीप:
वाढत्या शहरात पुढच्या वीस वर्षांच्या सरकारी शाळांसाठी जागा कशा ठरवाव्यात, यावरचा एक अहवाल मराठीत करते आहे. त्यात ‘स्कूल कॅचमेंट’ पानोपानी येतो. ज्या वस्त्यांतली मुले एका शाळेत येतील असे धरले आहे, तो भाग. कच्च्या मसुद्यात त्याचे ‘शाळेचे पाणलोट क्षेत्र’ झाले आहे, आणि वाचणाऱ्याला तिथे बंधारा होणार असे वाटते. ‘परिसर’ फार सैल, ‘हद्द’ पोलीस ठाण्याची, ‘कार्यक्षेत्र’ माणसाचे. तक्त्याच्या मथळ्यात मावेल असा शब्द सुचवा. दुसरी शंका लहान आहे: शाळेसाठी ठेवलेल्या भूखंडाला मी ‘शाळेची राखीव जागा’ लिहिले आहे. बरोबर ना?

पागोळी:
पाणलोटाच्या शेजारचाच शब्द घ्या: लाभक्षेत्र. धरणाच्या वर पाणी गोळा होते ते पाणलोट, कालव्याखाली भिजते ते लाभक्षेत्र. शाळेचा लाभ ज्या वस्त्यांना, ते शाळेचे लाभक्षेत्र. पाटबंधारे खात्यामुळे हा शब्द शेतकऱ्यापासून अभियंत्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे.

शब्दवेल्हाळ:
घडवलेला शब्द कशाला? ‘पंचक्रोशीतली शाळा’ म्हटले की कोणालाही समजते.

खडूफळा:
पंचक्रोशी नको. एक कोस ढोबळ मानाने तीन किलोमीटर, पाच कोस म्हणजे पंधराच्या घरात. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतर आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या पायांचा हिशोब आहे हा. शब्द निवडताना त्याचे माप बघायलाच हवे.

गटनंबर:
तळटीप, तुमची ‘लहान’ शंका खरे तर मोठी आहे. ‘राखीव’ लिहू नका, ‘आरक्षित’ लिहा. राखून ठेवतो ते आपल्या हातात असते. विकास योजनेत (शहरातली कोणती जमीन कशासाठी, हे ठरवणाऱ्या आराखड्यात) शाळेचे आरक्षण दाखवले जाते ती जमीन बहुतेक वेळा दुसऱ्याची असते. महापालिकेने त्यावर फक्त हक्क सांगितलेला असतो, सातबारावर नाव मालकाचेच. ‘राखीव’ वाचून नागरिकाला वाटते की जागा पालिकेकडे आहे, शाळा तेवढी बांधायची राहिली.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये हे स्पष्ट आहे. कलम १२६ नुसार जमीन तीन वाटांनी हातात येते: मालकाशी करार करून मोबदला देणे, त्याबदल्यात चटई क्षेत्र (जादा बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर (ती मुभा दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क) देणे, नाहीतर भूसंपादन. यातले काहीच झाले नाही तर कलम १२७ आहे. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक ‘जमीन घ्या’ अशी खरेदी सूचना देतो. त्यानंतर २४ महिन्यांत (पूर्वी ही मुदत ६ महिने होती) संपादन किंवा त्या दिशेने पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप सुटते. राखीव वस्तू व्यपगत होत नाही.

शब्दवेल्हाळ:
मला हा भेद पटत नाही. राखणे आणि आरक्षण यांचा धातू एकच, रक्ष्. संस्कृतातला ‘क्ष’ मराठीत ‘ख’ झाला आणि राखणे, राखण, राखणदार आले. त्याला ‘ईव’ प्रत्यय लागून राखीव, जसे कोरीव, रेखीव, घडीव. घरचा शब्द टाकून तोच संस्कृत कपड्यात परत का आणायचा? आणि राखणदार स्वतःचेच शेत राखतो असे थोडेच आहे?

गटनंबर:
राखणदाराचा मुद्दा चांगला आहे, पण तो मालकाच्या वतीने राखतो. इथे मालकाच्या विरुद्ध राखायचे असते. धातू बघू नका, शब्दाबरोबर कोणते क्रियापद चालते ते बघा. जमीनमालक म्हणतो, ‘आमच्या गटावर शाळेचं आरक्षण पडलं.’ मग ‘आरक्षण उठलं का?’, ‘अर्धं उठलं.’ कार्यालयात आरक्षण टाकतात, वगळतात, विकसित करतात. ‘राखीव पडलं’ किंवा ‘राखीव उठलं’ कोणी म्हणत नाही. पडणे आणि उठणे ही ओझ्याची क्रियापदे आहेत. लोकांनी शब्दाचा अर्थ अचूक पकडला आहे.

खडूफळा:
‘राखीव’च्या विरोधात आणखी एक कारण आहे, ते ‘जागा’ या शब्दात आहे. खासगी शाळांत शिक्षण हक्काच्या २५ टक्के प्रवेशांना सगळे ‘राखीव जागा’च म्हणतात. ‘शहरातील शाळांच्या राखीव जागा कमी झाल्या’ या वाक्यातून प्रवेश कमी झाले की भूखंड, हे कळत नाही. अहवालात दोन्ही विषय असतील तर घोटाळा नक्की. जमिनीसाठी ‘भूखंड’ वापरा, प्रवेशासाठी ‘जागा’.

पागोळी:
भूखंड म्हटले की चारी बाजूंनी मोजून आखलेला तुकडा डोळ्यांपुढे येतो. आरक्षण तसे नसते. गटनंबर, तुम्हीच सांगा.

गटनंबर:
खरे आहे. नकाशावर एक रंगीत चौकोन दिसतो. त्याच्याखाली चार गट नंबर असतात, एकेका गटाला हिस्से, हिश्शावर वारसांची नावे. एक मालक टीडीआर घेऊन ताबा देतो, दुसरा कोर्टात जातो, तिसऱ्याचा हिस्सा कलम १२७ खाली सुटतो. उरतो तो इंग्रजी ‘एल’सारखा तुकडा, इमारत बसते पण मैदान बसत नाही. दुसरी नेहमीची अडचण पोहोचरस्त्याची. शाळेचे आरक्षण ज्या रस्त्यावर दाखवले, तो रस्ताही योजनेतलाच असतो आणि तोही ताब्यात आलेला नसतो. जमीन मिळाली तरी वाळूचा ट्रक आत जात नाही. म्हणून संपादनाच्या यादीत रस्ता आणि शाळा एकाच वर्षात, एकाच जोडीने घालावी लागतात.

म्हणून माझी विनंती, तीन टप्प्यांना तीन शब्द ठेवा. नकाशावर दाखवले ते ‘आरक्षण’. ताबा पावती झाली, फेरफार होऊन पालिकेचे नाव लागले, ती ‘शाळेची जमीन’. मोजणी होऊन कुंपण पडले तो ‘भूखंड’. अहवालातल्या तक्त्यात हे तीन आकडे वेगळे दिसले, तर नेमके कुठे अडले ते वाचणाऱ्याला लगेच कळेल.

पागोळी:
मग नवी मुंबईत ‘राखीव’ चालेल! तिथे नव्या शहरासाठी जमीन आधी संपादित झाली, सिडकोने सेक्टर आखले आणि प्रत्येक सेक्टरात शाळेचे प्लॉट ठेवले. जमीन हातात होती, म्हणजे राखलेलीच. नगररचना परियोजनेतही तसेच. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, मूळ भूखंडाच्या बदल्यात प्रत्येकाला लहान पण आखीव अंतिम भूखंड द्यायचा, आणि रस्ते, मैदान, शाळा यांचे तुकडे त्यातूनच निघतात. परियोजना मंजूर झाली की शाळेचा अंतिम भूखंड पालिकेचाच.

शब्दवेल्हाळ:
म्हणजे ‘राखीव’ मराठीतून हद्दपार नाही, एवढे तरी मान्य झाले. पण ‘व्यपगत’बद्दल कोणी बोलतच नाही. हा शब्द ज्या मालकाच्या जमिनीचा प्रश्न आहे त्याला उच्चारताही येत नाही. ‘आरक्षण सरले’ किंवा ‘संपले’ लिहायला काय हरकत?

गटनंबर:
बोलताना ‘उठले’ म्हणा. लिहिताना फरक ठेवावाच लागतो. शासन फेरबदल करून आरक्षण काढते ते ‘वगळले’, मुदत टळून जाते ते ‘व्यपगत’. पहिल्यात हरकती-सूचना मागवाव्या लागतात, दुसऱ्यात लोकांना विचारायची वेळच येत नाही. ‘संपले’ लिहिले तर दोन्ही एकच होतात. कायद्यातल्या एका शब्दावर किती अडते बघा: ‘पावले’ म्हणजे काय, यावर गिरनार ट्रेडर्स प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नुसता प्रस्ताव पुढे पाठवणे हे पाऊल नव्हे, असे २००७ मध्ये ठरले.

तळटीप:
हे सगळे उपयोगी आहे, ‘राखीव’ बदलते. पण माझा मथळा अजून रिकामाच आहे. एकेका शाळेमागे किती लोकसंख्या, असा रकाना आहे तो.

खडूफळा:
मग आधी आकडे तपासा. केंद्राच्या २०१४ च्या नियोजन मार्गदर्शिकेत पहिली ते पाचवीची एक शाळा ५,००० लोकसंख्येमागे, ०.४० हेक्टर. सहावी ते बारावीची ७,५०० मागे, १.८० हेक्टर, त्यातले १ हेक्टर मैदान. चाळीस हजारांच्या नव्या उपनगराला आठ प्राथमिक शाळा, म्हणजे ३.२ हेक्टर. मोठ्या शाळा ५.३३ येतात, त्या सहा धरल्या तर १०.८ हेक्टर. एकूण १४. हेक्टरी २०० माणसांच्या दाटीने हा भाग २०० हेक्टरचा, म्हणजे शंभरातले सात हेक्टर शाळांनाच. इथे ५.३३ चे पाच करायचा मोह होतो. त्यात एक हजार मुलांची शाळा कागदावरच जाते.

आणि लोकसंख्या म्हणजे मुले नव्हेत. जुन्या पेठेतले पाच हजार आणि नव्या सोसायट्यांतले पाच हजार यांच्यात पहिलीची मुले सारखी निघत नाहीत. जन्मनोंदी, अंगणवाडीचे पट आणि मंजूर झालेल्या सदनिकांची संख्या एकत्र लावून दर दोन-तीन वर्षांनी हिशोब परत करावा लागतो. एकदा योजना मंजूर झाली की ती वीस वर्षे चालते. मुले तेवढे थांबत नाहीत.

शब्दवेल्हाळ:
पट! शाळेचा पट, तसा ‘पटक्षेत्र’. ज्या भागातून पट भरतो तो. दोन अक्षरांचा घरचा शब्द पुढे, मागे क्षेत्र. मथळ्यात मावतो.

पागोळी:
ऐकायला गोड आहे. पण पट आज भरलेला असतो, आणि तळटीप भावी शाळांबद्दल लिहिते आहे. जिथे अजून शाळाच नाही तिथे पट कुठून? लाभक्षेत्रच बरे.

गटनंबर:
मी उलट मूळच्या पाणलोटाकडे वळलो आहे. शाळांची आखणी चुकते ती बहुतेक कंपासामुळे. शाळेवर टोक ठेवून १ किलोमीटरचे वर्तुळ मारतात आणि आतली सगळी घरे मोजतात. त्या वर्तुळातून रेल्वे जाते, नाला जातो, हमरस्ता जातो. रुळांपलीकडची वस्ती नकाशावर ४०० मीटरवर असते आणि पुलावरून चालत दीड किलोमीटर. तिथली मुले या शाळेत मोजली गेली, की पलीकडे शाळेची गरजच दिसत नाही आणि तिथले आरक्षण आधी सुटते. पाणलोटाची सीमा कंपासाने कोणी काढत नाही, ती डोंगराची धार बघून काढतात, पाणी कुठून कुठे उतरते ते बघून. मुले कुठल्या वाटेने चालतात ते बघून शाळेची सीमा काढायची असेल, तर ‘लाभक्षेत्रा’त ती सूचना नाही, ‘पाणलोटा’त आहे.

पागोळी:
पण बंधाऱ्याचे काय?

शब्दवेल्हाळ:
‘लोट’ तरी उचला. पाण्याचा लोट तो पाणलोट, मुलांचा लोट तो… ‘मुललोट’ कानाला बरे वाटत नाही, हे मलाही दिसते. ‘ओघक्षेत्र’ कसे वाटते? ओघ पाण्याचाही असतो, माणसांचाही.

खडूफळा:
‘ओघक्षेत्र’ चालेल, पण तक्त्याखाली अंतर कसे मोजले ते लिहा: सरळ रेषेत की पायवाटेने. ते लिहिले नाही तर शब्द कुठलाही घेतला तरी रेल्वेपलीकडची मुले चुकीच्या रकान्यातच राहतील.

तळटीप:
मूळ अहवालात वर्तुळेच आहेत. अंतर कसे मोजले, ते आता लेखकांनाच विचारते.