प्लास्टिकमागचा वायू
वर एकांनी लिहिलंय, प्लास्टिक म्हणजे शेवटी कच्चं तेलच. दरवेळी तसं नाही हो. रायगडातला नागोठण्याचा प्लास्टिकचा कारखाना मुळात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या वायूवर उभा राहिला. तो वायू उरणला येतो, तिथे त्यातले इथेन-प्रोपेन हे घटक वायू वेगळे काढतात. भट्टीतल्या नळ्यांतून वाफेसोबत साधारण ८५० अंशांना, सेकंदाहूनही कमी वेळ इथेन पळवलं की ते फुटून इथिलीन हा वायू तयार. त्याचं पुढे पॉलिथिन. आता अमेरिकेतून जहाजाने, उणे ९० अंशांच्या आसपास थंड करून आणलेलं इथेनही गुजरातमधल्या दहेज बंदरामार्गे पाइपलाइनने नागोठण्याला येतं.

मात्र इथेनमधून मुख्यतः इथिलीनच मिळतं. नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारा हलका द्रव, असाच भट्टीत फोडला तर प्रोपिलीन, बेंझीन आणि टायरच्या रबराला लागणारं ब्युटाडाईनही भरपूर निघतं. त्यामुळे इथेन कितीही स्वस्त झालं तरी नाफ्था लागणारच.