प्राथमिक सुनावणीत काय ठरते
इंग्लंडमधील एम्प्लॉयमेंट ट्रायब्यूनलच्या, म्हणजे नोकरीविषयक दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, पहिल्या प्राथमिक सुनावणीतच आपली सगळी हकिगत सांगता येईल, असे काहींना वाटते. पण तसे नसते. प्रकरणाच्या नियोजनासाठीची ही सुनावणी बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर होते आणि तिथे साक्षीपुरावे तपासले जात नाहीत, तर दावा नेमका कशाचा आहे आणि कागदपत्रे व साक्षीदारांची लेखी निवेदने कधी द्यायची, हे न्यायाधीश ठरवतात. भेदभावाचा दावा असेल तर प्रत्येक घटना, तिची तारीख आणि संबंधित व्यक्ती आधीच लिहून ठेवा, कारण दाव्यात नसलेला मुद्दा पुढे आणायला परवानगी लागते आणि ती मिळेलच असे नाही. मालकाच्या वकिलाने केलेली मुद्द्यांची यादी आपल्या अर्जाशी ताडून पाहिल्याशिवाय मुळीच मान्य करू नका.